फाटकापाशी दोनदा हॉर्न

११ मार्च

लेलंड,

हे पत्र जमिनीबद्दल नाही. बाबांच्या मृत्युपत्राबद्दलही नाही. एका बंदुकीबद्दल आहे, म्हणून निदान पहिलं पान वाच.

गेल्या महिन्यात पोस्पिशिलांच्या घरात माणसं शिरली. भर दुपारी. फ्रँक खुर्चीत डुलकी घेत होता. दोघं होते, त्यांना त्याच्या बायकोच्या दुखण्यावरच्या गोळ्या हव्या होत्या. ती जाऊन वर्ष झालं आणि गोळ्या फ्रँकने तेव्हाच परत केल्या होत्या. त्यांनी त्याचं मनगट मोडलं आणि फ्रीजमधलं हॅम घेऊन गेले. शेरीफची गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. लवकर आली म्हणायची. इथले रस्ते तुला माहीत आहेत.

फ्रँकचं घर माझ्यापासून आठ मैल. मध्ये फक्त टेकड्या आणि आमची गुरं.

जीन गेला आणि मी विधवा झाले त्याला ऑगस्टमध्ये दोन वर्षं होतील. तुला कार्ड पाठवलं होतं. ते परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असावं.

माझी जनीन लिंकनहून रोज फोन करते. पहिला बर्फ पडायच्या आत घर सोड आणि गावात राहायला ये म्हणते. तिने दोन खोल्याही बघून ठेवल्या आहेत. खिडकीतून बँकेची भिंत दिसते. मी म्हटलं, त्रेसष्ट वर्षं टेकड्या बघितल्या, भिंत बघण्याइतकी म्हातारी मी अजून झालेली नाही. ती म्हणाली, फ्रँकसुद्धा असंच बोलायचा, आई.

शेवटी आमचं असं ठरलं: मी एकटीने इथे नीट राहू शकते हे ऑक्टोबरपर्यंत तिला पटलं पाहिजे. मला पटलं पाहिजे असं ती म्हणाली नाही, पण खरं तेच आहे. फ्रँकचं झाल्यापासून मी भांडी घासतानाही नळ मध्येच बंद करते आणि ऐकत उभी राहते.

म्हणून ब्रँडलच्या दुकानात गेले. आपण बंदुकांमध्ये वाढलो हे खरं, पण ते वासरांवर टपलेल्या कोयोटींसाठी आणि रानकोंबड्यांसाठी. घरात, माणसासाठी, असा विचार मी कधी केला नव्हता. ब्रँडलने तीन छऱ्याच्या बंदुका काढून ठेवल्या. त्यातली एक बारा बोअरची, आखूड, दस्ता नसलेली, नुसती मूठ. तो म्हणाला, ही घ्या, नुसतं काडतूस चढवल्याचा आवाज केलात तरी चोर पळून जाईल.

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि नाही पळाला तर? परत आवाज करायचा?"

ती ट्विला राइनर्ट होती. वीस वर्षं शेरीफची डेप्युटी होती, तुला एकदा वेगासाठी अडवलं होतं ती. आता मधमाश्या पाळते आणि शनिवारी बायकांना बंदूक शिकवते. तिने ती बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि ब्रँडलला परत दिली. म्हणाली, ही सिनेमात चांगली दिसते. हिने तुझं मनगट मोडेल, मार्लिस, फ्रँकसारखं. फक्त चोराची गरज लागणार नाही.

मग तिने विचारलं, घरात काय आहे? मी म्हटलं, बाबांची दुनळी. शनिवारी मी ती घेऊन तिच्याकडे गेले. तिने मला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, दहा वेळा. दहाही वेळा दस्ता माझ्या काखेत अडकला. बाबा सहा फूट दोन होते. बंदूक त्यांच्यासाठी बनवलेली. ट्विला म्हणाली, हिचा दस्ता चौदा इंचांहून जास्त आहे, तुला लांब पडतो, आणि ही जड आहे, आणि हिला फक्त दोनच काडतुसं. तुला हलकी, आखूड, वीस बोअरची पाहिजे. पुढची मूठ मागेपुढे सरकवून भरायची असते तसली.

तेव्हा मला तुझी आठवली. बाबांनी तुझ्या बाराव्या वाढदिवसाला आणलेली. तू दमलास की मी ती वापरायचे, आणि तू फार लवकर दमायचास. ती अजून आहे का? असली तर मला विकत देशील का? वायोमिंगहून पाठवायची तर ब्रँडलच्या नावानेच पाठवावी लागेल, तो कागदपत्रं करून मला देईल. किंमत तू सांग.

बाबांची बंदूक आता स्वयंपाकघराच्या दारावर नाही. कपाटात आहे. लांब पडते, एवढंच कारण.

मार्लिस


२ एप्रिल

लेलंड,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, पण टपालपेटीपर्यंत चार मैल रोज जात होते.

ट्विलाने तिची एक बंदूक मला तात्पुरती दिली आहे. शिकायला सुरुवात केली. तुला सांगते, कारण तुला हसू येईल.

पहिले तीन शनिवार तिने खरं काडतूस दिलंच नाही. पितळेची खोटी काडतुसं. भरायची, रिकामी करायची, सुरक्षेचा खटका पुढे, खटका मागे. चापावर बोट नाही, नळीच्या कडेला सरळ. बोट चुकून आत गेलं की ती जिभेने टक् असा आवाज करते, घोड्याला करतात तसा. मी आता दूध ओततानाही बोट सरळ ठेवते.

मग ती घरी आली. आधी घर चालून बघितलं, पावलं मोजत. स्वयंपाकघरापासून माझ्या झोपायच्या खोलीपर्यंत बोळातून सात पावलं. मी म्हटलं, कोणी शिरला तर मी बोळात येऊन… ती म्हणाली, तू कुठेही येणार नाहीस. चोराला शोधत फिरायचं नसतं, शोधायचं काम त्याचं. तू खोलीत जायचं, दार लावायचं, पलंगाच्या पलीकडे गुडघ्यावर बसायचं, शेरीफला फोन लावायचा आणि फोन चालू ठेवायचा. दार उघडून आत आला तर पुढचं.

कोठारामागे आम्ही फळीवर जुनी चादर ठोकली आणि सात पावलांवरून मी मोठ्या छऱ्यांचं काडतूस झाडलं. मला वाटलं होतं चादरीची चाळण होईल. भोक माझ्या मुठीएवढं. एकच. ट्विला म्हणाली, सगळ्यांना वाटतं छऱ्याची बंदूक म्हणजे नेम धरायला नको. घरातल्या अंतरावर छरे पसरायला वेळच मिळत नाही. नेम धरावाच लागतो. चुकलीस तर पूर्ण चुकलीस.

मग तिने घराच्या भिंतीला लावतात तसले दोन तक्ते एकामागे एक उभे केले. छरे दोन्हींतून पार गेले. तिने विचारलं, तुझ्या दाराच्या सरळ रेषेत पलीकडे काय आहे? मी म्हटलं, स्वयंपाकघर. ती म्हणाली, आणि नाताळात तिथे कोण बसतं? जनीनची मुलं बसतात. आम्ही पलंग सरकवला. आता मी दाराकडे तिरकी बसते आणि दारापलीकडे माझ्या समोर धुराड्याची विटांची भिंत येते. पलंगाशेजारी आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी आहे. बंदूक तिच्यातच असते.

हे सगळं मला जमतं. खांद्याला निळा डाग पडला होता, तोही गेला.

एक जमत नाही. ट्विलाने फ्रीजवर कागद लावलाय, त्यावरची पहिली ओळ: कोण आहे ते आधी विचारायचं. मोठ्याने. मग सांगायचं की माझ्याकडे बंदूक आहे, शेरीफ फोनवर आहे, निघून जा. ती बोळात उभी राहते आणि मी खोलीतून ओरडायचं. माझा आवाज येत नाही. घशातून काहीतरी निघतं, पण ते शब्द नसतात. ट्विला म्हणाली, बाई, चर्चच्या गाण्यांत तर तुझा आवाज छपराला लागतो. परत म्हण. मी परत म्हटलं. ती म्हणाली, मांजर असेल तर पळेल.

मार्चमधली धूळ असेल. घसा कोरडा पडतो.

मार्लिस


२६ एप्रिल

लेलंड,

ब्रँडलचा मंगळवारी फोन आला, तुमच्या नावाने बंदूक आलीय. मी फॉर्म भरला, त्याने फोन करून माझ्या नावावर गुन्हा नाही ना ते तपासलं, दहा मिनिटांत झालं. त्याने खोकं उघडलं तेव्हा ट्विला शेजारीच होती, नाहीतर मी गाडीत जाऊन उघडलं असतं.

किंमत तू लिहिली नाहीस. पत्रही नव्हतं. चापाच्या कडीला दोऱ्याने कागदाची पट्टी बांधलेली, तिच्यावर तुझ्या अक्षरात: "१३ इंच. आठवणीने मोजलं."

ट्विलाने त्याच दिवशी माझा हात मोजला होता, कोपरापासून बोटापर्यंत. सव्वातेरा. पाव इंच चुकलास. एकावन्न वर्षांनी पाव इंच. ट्विलाने पट्टी दोनदा वाचली आणि म्हणाली, हा तो वेगात जाणारा भाऊ का?

दस्त्याला तू चामड्याची गादी शिवली आहेस. वायोमिंगमध्ये खोगिरं बनवतोस एवढंच मी लोकांकडून ऐकलं होतं. तुझे टाके मी पहिल्यांदा बघितले. टाका किती बारीक आहे, किती एकसारखा. शाळेत तुला बटण लावता येत नव्हतं.

शनिवारी पंचवीस काडतुसं झाडली. बंदूक खांद्याला लागते तेव्हा मला काही करावं लागत नाही, ती जागेवर जाऊन बसते. डोळे उघडले की नळीवरचा मणी समोर असतो. आधी मी प्रत्येक वेळी झाडण्याआधी डोळे मिटायचे, आणि ते ट्विलाने ओळखलं होतं. तिने पितळेची काडतुसं खऱ्यांत मिसळून भरली, मला न सांगता. खोटं काडतूस आलं की धक्का नाही, पण मी तरी दचकायचे. नुसत्या वाट पाहण्याने. तुझ्या बंदुकीने सहाव्या वेळेपासून दचकणं थांबलं.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी जर्दाळू भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, भाजून नेले. सगळ्यांना बातमी पोचलेली. हेलन स्वोबोडा म्हणाली, मार्लिस आता फिरत्या विक्रेत्यांची शिकार करते म्हणे. फ्रँक प्लास्टर घातलेल्या हाताने तिसरा कोलाच उचलत म्हणाला, माझ्या घरी ये, मी झोपलो की तू पहारा दे. मग हळूच मला विचारलं, लेलंडने पाठवली ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग बरं चाललंय.

बरं चाललंय का, मला माहीत नाही. पट्टी मी जपून ठेवली आहे.

जनीन ईस्टरला आली होती. तिने भोक पडलेली चादर बघितली, पलंग बघितला, पेटीचं कुलूप ओढून बघितलं. तिला बरंच पटलं. मग म्हणाली, आता मी बोळात उभी राहते, तू ओरड. मी तिला म्हटलं, सूप उतू जातंय.

ओरडणं अजून जमलेलं नाही. धूळ केव्हाच खाली बसली.

मार्लिस


१० मे

लेलंड,

मागच्या तीन पत्रांत मी एक गोष्ट टाळली. बाबांची दुनळी मला लांब पडते हे खरं. पण ती लांब नसती तरी मी तिला हात लावला नसता.

तुला वाटतं तो दिवस तुला पूर्ण माहीत आहे. माझ्या बाजूने लिहिते.

बाबांना पुरून तिसरा दिवस होता, नोव्हेंबरमधला. दुपारचे चार. त्या वर्षी तीन ठिकाणची वासरं चोरीला गेली होती आणि सगळ्यांनी जुनी पद्धत कडक केली होती: ओळखीचा असो नसो, फाटकापाशी थांबायचं, दोनदा हॉर्न द्यायचा, घरातून कोणी बाहेर येईपर्यंत गाडीतच बसायचं. तुला ती चांगली माहीत होती. बाबा स्वतःच्या भावाकडे जातानाही हॉर्न द्यायचे.

फाटकातले गज वाजले. गुरं अडवायला जमिनीत टाकलेले ते लोखंडी गज, चाकं त्यांच्यावरून गेली की अख्ख्या घरात ऐकू येतं. हॉर्न वाजला नाही. गाडी अनोळखी होती, तू कोणाची तरी मागून आणली होतीस. जीनने दारावरच्या खुंट्यांवरून बाबांची बंदूक काढली आणि ओसरीत गेला. सूर्य तुझ्या मागे होता, अगदी खाली. जीनच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, पुढच्या वर्षी तो काढला. त्याला फक्त एक काळी आकृती येताना दिसत होती.

त्याने विचारलं, कोण आहे?

तू चालत राहिलास. बापाच्या घरी नाव काय सांगायचं, असं तुला वाटलं असणार. मीही तेच केलं असतं.

त्याने परत विचारलं आणि बंदूक खांद्याला लावली. तू थांबलास. हात वर केलेस. नाव सांगितलं नाहीस.

मी जाळीच्या दारामागे होते. तू गाडीतून उतरलास तेव्हाच मी तुला ओळखलं होतं. घोड्यावरून पडल्यापासून उजवा पाय टाकताना तुझा खांदा वर जातो. जगात दुसरं कोणी असं चालत नाही. "जीन, तो लेलंड आहे." एवढेच शब्द होते. ते तोंडात तयार होते.

मी बोलले नाही.

आदल्या दिवशी फोनवर तू म्हणाला होतास की मी बाबांच्या उशाशी बसून जमीन लिहून घेतली. नऊ महिने मी त्यांची घाण काढली होती. मला वाटलं, उभा राहू दे थोडा वेळ. थोडा घाबरू दे. जीनचं बोट कुठे होतं ते मला दिसत होतं. नळीच्या कडेला नव्हतं. आत होतं. तरी मी बोलले नाही.

किती वेळ, ते सांगता येत नाही. चुलीवर कॉफी होती, ती उकळायला लागली. एवढा वेळ.

मग तू वळलास, गाडीत बसलास, गज पुन्हा वाजले. तेव्हा मी बाहेर गेले आणि जीनला विचारलं, "तो लेलंड होता का रे?" विचारलं. सांगितलं नाही. जीनचा चेहरा पडला. त्याने त्याच दिवशी बंदूक कपाटात ठेवली आणि परत काढली नाही. त्याने तुला दोन पत्रं लिहिली, माफी मागितली. तू उत्तर दिलं नाहीस, आणि तो मरेपर्यंत समजत राहिला की चूक त्याची होती. मी त्याला तसं समजू दिलं.

तर माझ्या घशाचं कारण हे आहे. मी "कोण आहे" म्हणायला तोंड उघडते आणि मला वाटतं, मला माहीत असतानाही मी गप्प बसले होते, आता विचारायचा मला काय अधिकार.

बाबांची बंदूक तुझी आहे. मुलाकडेच जायची होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. ब्रँडलकडून पाठवते. किंवा येऊन घेऊन जा.

मार्लिस


२४ मे

लेलंड,

शनिवारी कबरींवर फुलं ठेवायला जाणार आहे. पिओनी यंदा उशिरा आल्या, अजून कळ्याच आहेत. कॉफीच्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून ठेवलाय, आई करायची तसा. आईबाबांसाठी एक, जीनसाठी एक.

बंदूक ब्रँडलकडे दिलेली नाही. तू काय म्हणतोस त्याची वाट बघते.

एवढंच.

मा.


३ जून

लेलंड,

तू काल सकाळी निघालास आणि मी आज लिहिते आहे. तू म्हणालास फोन कर. करीन. पण ही सवय आता लागली आहे. शिवाय शनिवारी घराच्या आत काय झालं ते तुला दिसलं नाही आणि मी समोर बसून सांगू शकले नाही.

मी डबे गाडीत ठेवून, बूट दारात काढून परत आत आले होते, हातमोजे शोधत. अकरा वाजत आले होते. गाडीचा आवाज आला. शनिवारी माझ्याकडे कोणी येत नाही, ट्विला त्या दिवशी तिच्या बहिणीकडे गेली होती. मी हातमोजे सोडले आणि जे शिकले होते ते केलं. खोलीत गेले, दार लावलं, पेटी उघडली. हातांना सगळं माहीत होतं. चार काडतुसं. बोट नळीच्या कडेला. फोनवर नंबर तयार ठेवला.

मग गज वाजायची वाट बघितली.

ते वाजले नाहीत. गाडी फाटकाबाहेर थांबली होती. इंजिन बंद झालं. आणि हॉर्न वाजला. दोनदा.

हल्ली दोनदा हॉर्न कोणी देत नाही. एकदा देतात आणि हात हलवत आत येतात. जनीन तर तोही देत नाही. मी खिडकीशी गेले, कडेने बघितलं. निळी पिकअप, वायोमिंगची पाटी. काचेवर आभाळ पडलं होतं, आत कोण आहे ते दिसत नव्हतं. कोणी उतरलं नाही. मी वाट बघितली, गाडीही वाट बघत होती. त्या दिवशी वारा पडला होता, आठवतं? इथे असे दिवस वर्षातून चार.

तू उतरून चालायची मी वाट बघत होते, लेलंड. चाललास की मला कळलं असतं. तू ती सोय मला दिली नाहीस.

मी खिडकी वर केली आणि ओरडले, "कोण आहे?"

आवाज आला. छपराला लागेल असा. कोठारावरची कबुतरं उडाली. तू म्हणालास तुला काच बंद असून ऐकू आलं.

मग तू काच खाली केलीस आणि म्हणालास, "लेलंड कुचेरा. एमिलचा मुलगा. आत येऊ का?"

अकरा वर्षांपूर्वी जे सांगितलं नव्हतंस ते तू पूर्ण सांगितलंस, बापाच्या नावासकट. मी लगेच बाहेर का आले नाही असं तू विचारलंस तेव्हा मी बूट सापडत नव्हते म्हणाले. खरं असं की मी पलंगावर बसून बंदूक रिकामी करत होते. एक, दोन, तीन, चार. चौथं काडतूस हातातून निसटून पलंगाखाली गेलं आणि मी ते गुडघ्यावर बसून शोधलं, कारण मोजणी पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही असं ट्विला म्हणते. बंदूक पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि तशीच, नुसत्या मोज्यांवर, बाहेर पळाले. गजांवरून मोज्यांनी चालता येत नाही हे लहानपणी माहीत होतं, विसरले होते.

तू गाडीतून उतरलास, माझ्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालास, "तेव्हाही पांढरेच मोजे होते."

मला कळलं नाही. मग कळलं.

"जाळीच्या दाराखालून दिसत होते. तू तिथे आहेस हे मला माहीत होतं, मार्ली. पहिल्यापासून."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं तू जीनवर नाही, माझ्यावर…

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. फार वेळ लावलास," असं म्हणालास आणि डबा उचलायला गाडीकडे गेलास. तूही पिओनी आणल्या होत्यास, दुकानातल्या, पूर्ण उमललेल्या. जीनच्या कबरीवर तू तुझ्या ठेवल्यास आणि हॅट काढून बराच वेळ उभा राहिलास. त्याला काय म्हणालास ते मी ऐकलं नाही. मी मुद्दामच बाबांच्या कबरीवरचं गवत उपटत होते. माझ्या वाट्याचं त्याला मी काल संध्याकाळी जाऊन सांगितलं. ते उशिरा झालं, पण झालं.

बाबांची दुनळी तू जाताना पुढच्या सीटवर ठेवलीस, पट्टा लावून, माणूस बसल्यासारखी. मला हसू आलं ते त्याचं. दारावरच्या दोन खुंट्या मी काढणार नाही. सध्या त्यांच्यावर माझी उन्हाची टोपी आहे.

तू जाण्याआधी दस्त्याला जोडलेली पाव इंचाची चामड्याची पट्टी बरोबर बसली. ट्विलाने आज माझ्याकडून दहा वेळा डोळे मिटून बंदूक खांद्याला लावून घेतली. मग बोळात जाऊन उभी राहिली. मी ओरडले. ती परत आली तेव्हा कान चोळत होती. म्हणाली, आता तुला बंदुकीची गरज नाही.

मी म्हटलं, असू दे, भावाने दिली आहे.

जनीनला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, आई, बँकेसमोरच्या खोल्या नकोत असं मी कळवते. पण ऑक्टोबरमध्ये येऊन एकदा बघीन. तिला म्हटलं, ये, फाटकापाशी हॉर्न दे.

तू नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येणार म्हणालास. त्या वेळी सूर्य पुन्हा खाली असेल आणि तुझ्या मागे असेल. हॉर्न दे किंवा देऊ नकोस. मी ओसरीत असेन.

फ्रीजवरचा ट्विलाचा कागद अजून आहे. पहिली ओळ तीच: कोण आहे ते आधी विचारायचं. तिच्याखाली मी पेन्सिलीने लिहिलंय: आणि माहीत असेल तर सांगायचं.

तुझी बहीण,
मार्लिस